मी खरवडलेला आवाज

दुरुस्तीला आलेलं कुठलंही वाद्य हातात घेतलं की मी आधी त्याच्या माउथपीसचा वास घेतो. आमच्या हिला हे अजिबात आवडत नाही. सोसायटीतल्या बायकांना तिने सांगून ठेवलंय, की आमचे हे रिटायर झाल्यापासून लोकांच्या उष्ट्या वस्तू हुंगत बसतात. सांगू दे. वासावरून निम्मं निदान होतं. जर्दा खाणाऱ्याच्या वाद्यातल्या चामड्याच्या गाद्या लवकर कडक होतात. सतत बडीशेप चघळणाऱ्याला लाळ जास्त, म्हणजे त्याच्या नळीत पाणी साठणार. शाळेच्या बँडमधल्या क्लॅरिनेटला नूडल्सच्या मसाल्याचा वास येतो, तेव्हा आत काय अडकलं असेल याचा अंदाज आधीच बांधता येतो. या नाकाचा मला फार अभिमान होता. तो आता जरा कमी झालाय, आणि त्याचीच ही हकिकत आहे.

आम्ही मूळचे अमरावतीकडचे. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत दिल्लीला आले आणि आम्ही इथलेच झालो. मी एका निमलष्करी दलाच्या बँडमध्ये वाद्यदुरुस्तीला लागलो आणि तिथूनच निवृत्त झालो. हिची नोकरी टपाल खात्यात. दोघांच्या पैशातून मयूर विहारमध्ये हा फ्लॅट झाला, आणि दिल्लीच्या रिवाजाप्रमाणे आम्ही ताबडतोब बाल्कनी बंद करून तिची खोली केली. ही म्हणाली होती, इथे झोपाळा लावू. आता तिथे माझा बाक आहे, त्यावर हातोड्या, स्प्रिंगा, कॉर्कचे तुकडे, आणि मध्ये कायम कोणाचा तरी उघडा पडलेला सॅक्सोफोन. झोपाळ्याचा विषय आमच्याकडे अजूनही निघतो, विशेषतः पाहुण्यांसमोर.

वाचकांपैकी बहुतेकांनी सॅक्सोफोन लांबूनच पाहिला असेल, म्हणून थोडक्यात सांगतो. ती एक वाकडी पितळी नळी आहे. तिला बरीच भोकं, प्रत्येक भोकावर एक झाकण, आणि झाकणाच्या आत चामड्याची गादी. झाकण मिटलं की गादीने भोक अगदी घट्ट बंद करायला हवं. वरच्या एका गादीतून केसभर हवा सुटली, तर खालचे सगळे सूर घोगरे होतात नाहीतर निघतच नाहीत. गळती शोधायला सिगारेट वळायचा पातळ कागद लागतो. तो गादीखाली धरून हळूच ओढायचा, सुळकन निघाला तर तिथे गळती आहे. मी आयुष्यात सिगारेट ओढलेली नाही. पण माझ्यासारखा पांढऱ्या केसांचा माणूस दर महिन्याला नुसते कागदच विकत नेतो म्हटल्यावर आमच्या मार्केटातला पानवाला माझ्याकडे फार आदराने बघतो.

दलात मला एक सवय लागली, ती सफाईची. बँडची पाहणी असली की साहेब पांढरे हातमोजे घालून यायचे आणि करंगळी माउथपीसमध्ये फिरवून बघायचे. करंगळी काळी निघाली तर वाजवणाऱ्याला शिक्षा आणि मला बोलणी. त्यामुळे वाद्य कसं का वाजेना, आतून लखलखीत पाहिजे, हे माझ्या हाडात मुरलं. रिटायर झाल्यावरही माझ्या हातून वाद्य बाहेर गेलं की ते पाहणीला निघाल्यासारखंच दिसायचं. गिऱ्हाईकं खूश व्हायची. मीही व्हायचो.

गिऱ्हाईकं म्हणजे मुख्यतः लग्नाचे बँडवाले. त्यांच्या एका मोठ्या भोंग्यात मला उंदराचं घरटं सापडलं होतं. त्यात झेंडूच्या वाळक्या पाकळ्या, जरीचे धागे आणि नवरदेवाच्या गळ्यातल्या हारातली एक कोरी करकरीत नोट होती. उंदीर प्रत्येक वरातीला हजर असणार, त्याशिवाय एवढा आहेर जमायचा नाही. आमच्या वरच्या मजल्यावरचे एक निवृत्त गृहस्थ नातवाचा बिगुल घेऊन आले आणि दार लावून हळूच म्हणाले, "वानखडेजी, इसको ऐसा कर दीजिए कि बजे नहीं." एवढ्या वर्षांत वाद्य बिघडवून मागणारा हा एकच माणूस भेटला. मी नाही म्हणालो. पुढे बिगुल पहाटे वाजायला लागला, तेव्हा ही म्हणाली, "ऐकायचं होतंत की त्यांचं."

साक्षी मात्र या कुठल्याच जातकुळीतली नव्हती. तिची आई आणि आमची ही बुद्धविहारातल्या कार्यक्रमांमधून ओळखीच्या. मुलगी लहानपणी मयूर विहारच्या आमच्याच फेजमध्ये वाढली, आता दक्षिण दिल्लीत मुनिरक्याला खोली घेऊन राहते. तिची मराठी दिल्लीची, म्हणजे वाक्य मराठीत निघतं आणि वाटेत हिंदी-इंग्रजीची दोन स्टेशनं घेऊन कसंबसं परत येतं. ती टेनर सॅक्सोफोन वाजवते. थंडी सुरू झाली होती, तेव्हा एक दिवस खोकं पाठीला लावून आली.

"काका, लो नोट्स निघतच नाहीयेत. बस तेवढं बघा ना. शनिवार-रविवार आमचं रेकॉर्डिंग आहे, पहिला अल्बम."

"कसलं रेकॉर्डिंग? सिनेमातलं?"

"जॅझ. बॉप."

मला जॅझ माहीत होतं, बॉप नव्हतं. तिने फोनवर त्यांच्या तालमीचा एक तुकडा लावला. मला समजलं ते असं. आधी सगळे मिळून एक चाल वाजवतात, फार वेगाने, कोपरे कोपरे असलेली. मग एकेक जण पुढे येऊन त्या चालीच्या पायावर स्वतःचं काहीतरी तिथल्या तिथे रचतो, तेही त्याच वेगाने. बाकीचे त्याला सांभाळतात, आणि शेवटी सगळे एकत्र मूळ चालीवर परत येतात. आजी-आजोबांच्या काळातलं अमेरिकन संगीत, आणि ही विशीतली पोरं ते मुनिरक्याच्या खोलीत, घरमालक ओरडू नये म्हणून ड्रमवर रजया टाकून वाजवतात. ही स्वयंपाकघरातून येऊन ऐकत उभी राहिली. म्हणाली, "छान आहे. पण सगळे एवढे घाईत का आहेत गं?"

"काकू, ती घाई नाही, ती स्पीड आहे," साक्षी म्हणाली.

खरी घाई होती ती वेगळीच. त्यांचा पियानोवाला, अर्णव नावाचा मुलगा, एका प्रवासी जहाजावर वाजवायच्या नोकरीवर निघाला होता. सोमवारी त्याचं विमान. नोएडातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये बरा पियानो होता, तो हॉल त्यांना फक्त शनिवार-रविवार मिळाला होता. पाचही जण एकाच वेळी, एकाच खोलीत वाजवणार, म्हणजे नंतर कोणाचं काही दुरुस्त करता येणार नाही. आत्ता झालं तर झालं. अर्णव परत येईपर्यंत बाकीचे कुठे असतील, याचा भरवसा नव्हता.

तिचा सॅक्सोफोन जुना होता. करोल बागेच्या मागच्या गल्लीतल्या एका लग्नाच्या बँडकडून, मुन्ने मास्टर नावाच्या बँडमास्टरकडून तिने तो घेतला होता, माउथपीससकट. अंगावरचं पॉलिश उडालेलं, एका झाकणाला रबरबँड, दुसऱ्याखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा. पण तिने दोन सूर वाजवून दाखवले आणि मी बघतच राहिलो. आवाजाला धार होती. ताज्या मुळ्याला असतो तसा तिखटपणा होता त्याला, आणि मागून गोडवा. मी म्हटलं, "ठेवून जा. गुरुवारी ने."

तिने सांगितलं होतं, बस तेवढं बघा. ऐकतो कोण? मी रबरबँड काढला, ट्यूब काढली, गळक्या गाद्या बदलल्या, स्प्रिंगा सारख्या केल्या. मग माउथपीस हातात घेतला आणि सवयीने वास घेतला. पान. कात, चुना, किवाम, सगळं हजर. आत बोट घातलं तर छताला एक तांबूस-काळा गोळा चिकटलेला. म्हटलं, मुन्ने मास्टरांनी जन्मभर खाल्लेल्या पानांची पुटं साठलीत ही. शी, आणि ही पोर त्यात तोंड घालून वाजवते. मी माझी सगळ्यात बारीक, धारेची पोलादी पट्टी घेतली आणि तो गोळा मन लावून खरवडून काढला. नंतर गरम पाणी, ब्रश, मऊ फडका. पांढरा हातमोजा घालून कोणी करंगळी फिरवली असती तर मला बक्षीस दिलं असतं.

गुरुवारी साक्षी आली. खोकं उघडल्यावर तिचा चेहरा फुलला. पट्टा गळ्यात अडकवून तिने खालपासून वरपर्यंत सूर वाजवले. खालचे सूर लोण्यासारखे निघाले. मी हिच्याकडे पाहिलं, बघ म्हणून. साक्षी थांबली. तिने पत्ती बदलली. सॅक्सोफोनच्या तोंडाला वेताची जी पातळ पट्टी बांधतात, तिला बँडवाले पत्ती म्हणतात. पुन्हा वाजवलं. आणखी एक बदलली. मग हळूच म्हणाली,

"काका, हा कोणाचा आहे?"

"कोणाचा म्हणजे? तुझाच."

"आवाज माझा नाहीये."

मी चिडलो. का नाही चिडणार? एवढं मन लावून केलेलं काम. म्हटलं, "आवाज आत्ता कुठे आलाय. आधी नुसती गळती होती. एक गळती दाखव मला." सिगारेटचे कागद काढले आणि तिच्यासमोर एकेक गादी तपासून दाखवली. कुठेच सुळकन निघेना. माझं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं आणि तिचं तोंड आणखीच उतरत चाललं होतं. खरं सांगायचं तर ते मलाही ऐकू येत होतं. आवाज गोल झाला होता, सभ्य झाला होता. भिजवून ठेवलेल्या पोह्यांसारखा.

"दुसरा माउथपीस लाव," मी म्हटलं.

"सगळे ट्राय केले होते मी, वर्षभर. याच्यातच तो आवाज होता." तिचे डोळे भरून आले. "काका, बॉप सगळेच वाजवतात. तेच फ्रेझेस, तेच स्पीड. आपलं असं काय असतं, तर आवाज. लोक नाव नंतर वाचणार. आणि परवा रेकॉर्डिंग आहे."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. मी बाकावर बसलो आणि डोकं चालवायला लागलो. गाद्या? गाद्यांनी एवढा फरक पडत नाही. स्प्रिंगा तर नाहीच नाही. माउथपीस तर मी फक्त स्वच्छ केला होता.

"त्यातली लाख काढलीत ना तुम्ही," ही दारातून म्हणाली.

"कसली लाख? पानाची घाण होती ती."

"पानाची घाण म्हणे. जन्मभर टपालाच्या थैल्यांवर लाख वितळवून शिक्के मारलेत मी. दुपारी तुम्ही झोपलात तेव्हा बाक झाडला, तर ते खडे हातात आले. घाण असती तर बोटात चुरली असती. हे काचेसारखे तडकत होते. लाखच होती."

"मग तेव्हाच बोलायचं नाहीस?"

"मला कोणी विचारलं?"

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. माउथपीसच्या छताला आतून उंचवटा केला की हवेला जायला जागा कमी उरते आणि ती जोरात जाते. नळाच्या तोंडावर अंगठा धरला की पाणी लांब उडतं, तेच तत्त्व. आवाज धारदार होतो, लांबवर जातो. हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. पण दलातल्या वाद्यांत असलं काही सापडलं की मी ते मळ म्हणून काढायचो, आणि कोणी तक्रार केली नाही. आता वाटतं, केली नाही कारण वर्दीतल्या माणसाने 'माझा आवाज गेला' असं म्हणायची पद्धतच नव्हती. किती जणांचा असा घालवला असेल, कोण जाणे. त्याची हळहळ मला अजून वाटते.

"खडे कुठे टाकलेस?"

"कढीपत्त्याच्या कुंडीत."

मग आम्ही तिघं स्वयंपाकघरामागच्या छोट्या बाल्कनीत कुंडीभोवती बसलो आणि चमच्याने माती उकरायला लागलो. वरच्या बाल्कनीतून ते बिगुलवाले आजोबा वाकून बघत होते. त्यांनी विचारलं, "कुछ खो गया क्या?" साक्षी नाक पुसत म्हणाली, "हाँ अंकल, मेरी टोन." ते बरं म्हणून आत गेले. मुलीचं हसू तेव्हा पहिल्यांदा परत आलं. मातीतून ज्वारीच्या दाण्याएवढे चार-सहा खडे मिळाले. ते परत चिकटवून मूळचा आकार येणं शक्य नव्हतं. हिने ते धुऊन काचेच्या वाटीत घातले आणि म्हणाली, "उद्या त्या मास्टरांकडे जा. त्यांनीच लावली असणार. आणि हे न्या, विरजण म्हणून उपयोगी पडेल."

शुक्रवारी सकाळी आम्ही दोघं मेट्रोने करोल बागेला गेलो. मुन्ने मास्टरांचं दुकान म्हणजे गाड्यांचे आरसे विकणारा आणि बांगड्यांचा व्यापारी यांच्यामधली एक चिंचोळी खोली. भिंतीवर लाल कोट टांगलेले, दोन माणसं पट्ट्यांना इस्त्री करत बसलेली. मास्टर साठीचे, मेंदी लावलेले केस, गालात पान. साक्षीला बघून खूश झाले. मी माउथपीस पुढे केला आणि काय झालं ते सांगितलं. त्यांनी तो डोळ्याला लावला, उजेडाकडे धरला, आत करंगळी फिरवून पाहिली.

"बड़ी सफ़ाई से निकाली है साहब," शेवटी म्हणाले. "वो गंदगी नहीं थी. मेहनत थी हमारी."

मी मान खाली घातली. ते मात्र हसायला लागले. शेजारच्या बांगडीवाल्याकडून लाख आणून ती त्यांनीच लावली होती. का, तर वरातीत पुढे ढोल, मागे जनरेटर, बाजूला डीजेची गाडी, त्यात सॅक्सोफोन ऐकू कसा यायचा? मग थोडी लाख घातली, एक वरात वाजवली. कमी वाटली, आणखी घातली. आवाज कर्कश झाला, खरवडली. असं करत करत किती तरी लग्नं गेली. माप विचारलं तर म्हणाले, "माप कहाँ साहब? कान थे." आकार काही त्यांना आठवेना.

साक्षीने विचारलं, "आज होऊ शकेल?"

मास्टर म्हणाले, आज संध्याकाळी बारात आहे, तोपर्यंत आम्ही रिकामेच. एका माणसाने चहाचा स्टोव्ह मोकळा केला, दुसरा बांगडीवाल्याकडून लाखेची कांडी घेऊन आला. वाटीतले जुने खडे आणि नवी लाख मी चमच्यात एकत्र वितळवली. मास्टरांनी ओल्या काडीने तिचा ठिपका माउथपीसच्या छताला लावला, ओल्या करंगळीने दाबला, थंड होऊ दिला. साक्षीने वाजवून पाहिलं. आवाज असा फाटला की आरसेवाला बाहेर येऊन बघायला लागला.

"बढ़िया," मास्टर म्हणाले.

"नाही, हे बाराती झालं," साक्षी म्हणाली, आणि मग त्यांना हिंदीत समजावायला लागली, की मला चावणारा आवाज पाहिजे, ओरडणारा नको. मी बारीक पट्टी काढली. जिने आवाज घालवला होता, तिनेच आता केसभर केसभर खरवडत बसलो. मास्टर म्हणायचे अजून ठेवा, साक्षी म्हणायची अजून काढा, आणि मधे मी. एकदा जास्त काढली गेली, पुन्हा ठिपका लावला. एकदा मास्टर रुसले, म्हणाले आता मुलीला ऐकूच येणार नाही स्वतःचं. चहा झाला. पुन्हा स्टोव्ह पेटला. दलात कधी असं काम केलं नव्हतं मी. तिथे बरोबर काय ते आधीच ठरलेलं असायचं. इथे तिघांनाही ते माहीत नव्हतं, आणि तरी तिघंही भांडत होतो.

जेवणाची वेळ टळून गेल्यावर तिने एकदा फुंकर घातली आणि आमचं भांडण थांबलं. तिने आणखी एक सूर लावला. मग तिच्या अल्बममधली ती भन्नाट वेगाची चाल सुरू केली, एकटीनेच. इस्त्रीवाल्याने इस्त्री उभी करून ठेवली. चाल संपली तेव्हा ती माउथपीसकडे बघत उभी राहिली.

"हा तो नाहीये," ती म्हणाली.

माझ्या हातातली पट्टी आपोआप पुढे झाली.

"नको काका. हात नका लावू." तिने माउथपीस छातीशी धरला. "हाच राहू दे."

शनिवारी मी नोएडाला गेलो ते निव्वळ धास्तीने. वाजवता वाजवता लाख सुटली तर? म्हणून पिशवीत पट्टी, लाख, स्पिरिटचा दिवा, सगळं घेतलं होतं. मेट्रोच्या तपासणीत दिवाही गेला आणि पट्टीही गेली. मी पोलिसाला म्हटलं, हे सॅक्सोफोनसाठी आहे. तो म्हणाला, "अंकल, सैक्सोफोन कहाँ है?" तो तर साक्षीकडे होता. उरली नुसती लाखेची कांडी, ती घेऊन जाऊन बसलो.

हॉलमध्ये पाचही जण एकमेकांना दिसतील असे अर्धवर्तुळात होते. पियानो, बास, ड्रम, ट्रम्पेट आणि साक्षी. रेकॉर्डिंग करणाऱ्या मुलाने सांगितलं, कोणी हलू नका. मी हललो नाही, पण लाखेच्या काळजीने माझा घसा सारखा कोरडा पडत होता आणि मी खाकरलो. पहिला टेक गेला. दुसऱ्या वेळी खुर्ची करकरली. तिसऱ्या वेळी त्या मुलाने फार नम्रपणे मला बाहेर बसायला सांगितलं. तेव्हा अल्बममधला सगळ्यात वेगवान तुकडा मी शाळेच्या कॉरिडॉरमध्ये, दाराला कान लावून ऐकला. साक्षी पुढे आली तेव्हा मी डोळे मिटले. एकेक सूर टकटकीत, टोकदार, आणि त्याच्या आत कुठेतरी ऊब. कुठे थरकाप नाही, कुठे घोगरेपणा नाही. ती पळत होती आणि धाप लागत नव्हती. शेवटी पाचही जण मूळ चालीवर अशा काही टाळीसारखे एकदम परत आले की मी एकटाच दाराबाहेर उभा राहून "वा" म्हणालो. नशीब, तोवर टेक संपला होता. लाख जागची हलली नाही. दार उघडून अर्णव बाहेर आला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "अब चाहे जहाज डूब जाए."

त्या तुकड्याचं नाव अल्बमवर 'कढीपत्ता' असं आहे. का, ते ऐकणाऱ्यांना कळत नाही. अल्बम आमच्याकडे दर रविवारी लागतो. ही भाजी निवडताना ऐकते. सगळे घाईत का आहेत, असं आता विचारत नाही.

माझ्या कामात एक बदल झालाय. वास मी अजूनही घेतो, पण नंतर गिऱ्हाइकाला विचारतो, आत जे आहे ते ठेवायचं की काढायचं. बरेच जण म्हणतात, काढा. काही जण दचकतात आणि म्हणतात, "नहीं नहीं, हाथ मत लगाना." त्यांच्याशी माझी चांगली दोस्ती होते.

उन्हाळ्यानंतर एक दिवस मुन्ने मास्टर स्वतः मयूर विहारला आले. खिशातून आपला माउथपीस काढून बाकावर ठेवला आणि म्हणाले, "बिटिया वाला कर दो." त्यांनी अल्बम फोनवर ऐकला होता, पुन्हा पुन्हा ऐकला होता. मी म्हटलं, मास्टर, डीजेच्या गाडीपुढे हा आवाज ऐकू येणार नाही हो.

"न आए," ते म्हणाले. "मुझे तो आएगी."

आम्ही दोघांनी बसून तो केला. साक्षीला फोन लावून फोनवरच ऐकवत होतो, आणि ती तिकडून सांगत होती, थोडी कमी, अजून थोडी, बस.

गेल्या थंडीत आमच्या मागच्या ब्लॉकमध्ये लग्न होतं. संध्याकाळी खाली वरात थांबली होती. ढोल चालू होते, पोरं नाचत होती. ही आत मेथी निवडत बसली होती, मी बाकावर. ढोलवाल्यांनी दम घेतला आणि त्या मोकळ्या जागेत सॅक्सोफोन सुरू झाला. ती कोपऱ्याकोपऱ्याची चाल, फार वेगाने. नाचणाऱ्यांचे हात वरच राहिले असणार, कारण पाऊल टाकायचं कुठे ते कोणालाच कळेना, असा गलका ऐकू आला. हिने मान वर केली नाही. मेथीची जुडी सोडवता सोडवता म्हणाली, "साक्षी आली वाटतं खाली. तिला म्हणावं वर ये, जेवल्याशिवाय जायचं नाही."

मी उठून खिडकीतून खाली पाहिलं. लाल कोट, पांढरे बूट, मेंदीचे केस. मुन्ने मास्टर डोळे मिटून 'कढीपत्ता' वाजवत होते.

"ती नाही गं," मी म्हटलं. "पण भाकरी दोन जास्त टाक."